कोठीतली ओल आणि गोठ्यातलं दूध

मैत्रिणींनो, मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा वास किती हवाहवासा वाटतो! पण वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या बाईला त्याच दिवसांत दुसऱ्या एका वासाची धास्ती असते. कोठीचं झाकण उघडावं आणि आतून कुबट भपकारा यावा! हात घालावा तर वरची ज्वारी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी हाती यावी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात निवडून, पाखडून, वाळवून भरलेलं धान्य असं दिसलं की जिवाला काय होतं, ते जिनं भोगलंय तिलाच ठाऊक.

मग आपण काय करतो? जरा बरं दिसतं ते निवडून घेतो आणि उरलेलं गोठ्यात नेतो. ‘टाकायचं कशाला? मुकं जनावर, खाईल बिचारं!’

माझ्याही हातून हे घडलंय, म्हणून सांगते. लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात कोठीतली वरची चार-पाच पायली ज्वारी हिरवट-काळी पडली. सासूबाई म्हणाल्या, “उकिरड्यावर नको गं टाकूस, लक्ष्मी आहे ती. म्हशीला भरडून घाल.” मी घातली. चार-सहा दिवसांनी म्हैस आंबोणाच्या टोपलीकडून तोंड फिरवायला लागली, दूधही घटलं. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “खायला काय घालताय?” मी सांगितलं. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न होता, “आणि हिचं दूध कोण पितं?”

घरात दोन वर्षांचं मूल होतं. त्याला काही झालं नाही, नशीब आमचं. पण तो दुसरा प्रश्न आजही कोठी उघडताना माझ्या कानात वाजतो. तोच तुमच्यापुढे ठेवायचा म्हणून हा लेख.

बुरशीचं विष म्हणजे काय?

बुरशी दिसायला साधी. झटकली, धुतली, ऊन दाखवलं की गेली, असं आपल्याला वाटतं. पण काही जातींच्या बुरशा दाण्यात विष सोडतात. बुरशी पुसली तरी ते विष दाण्यात राहतं. त्यातलं सर्वांत वाईट विष म्हणजे अफलाटॉक्सिन. ते यकृतावर घाला घालतं, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचं कारण ठरतं.

हे विष माणसाला कळलं तेसुद्धा जनावरांच्या खाद्यातूनच! १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे पाळीव पक्षी पटापट मरू लागले. लाखभर पक्षी गेले. रोग कोणता ते कुणाला कळेना. शेवटी धागा लागला तो त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीचा. परदेशातून, ब्राझीलहून आलेली ती पेंड बुरसटलेली होती. त्या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. त्यातलाच ‘अ’ आणि ‘फ्ला’ घेऊन विषाचं नाव पडलं.

तुम्ही म्हणाल, ते तिकडे विलायतेत. नाही हो! १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत काय झालं ते ऐका. मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका नीट न वाळता घरात आला आणि घरात बुरसटला. तिथल्या गरीब आदिवासी कुटुंबांचं मक्यावरच सारं. दुसरं धान्य घरात नव्हतं, म्हणून तोच दळून खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. सुमारे चारशे माणसं आजारी पडली आणि त्यांतली शंभराहून अधिक दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली, कारण त्यांच्या वाट्याला तीच भाकर होती.

आता दुधाचं. गाय-म्हैस हे विष खाते तेव्हा त्यातला थोडा भाग, अगदी शंभरातला एक ते सहा एवढाच, रूप बदलून दुधात उतरतो. बुरसट पेंड पोटात गेल्यावर दिवसभराच्या आतच तो दुधात दिसू लागतो. दूध कितीही उकळलं तरी जात नाही, दही लावलं तरी पुरता जात नाही आणि पनीर केलं तर त्यात उलट दाटतो. आपल्या देशात दुधाच्या एका लिटरमध्ये तो अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! २०१८ साली देशभरातल्या दुधाचे ६,४३२ नमुने सरकारी पाहणीत तपासले, तेव्हा ३६८ नमुन्यांत तो या मर्यादेच्या वर निघाला. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण नावं ठेवतो; पण हा दोष गवळ्याच्या मापात नाही, गोठ्यातल्या पेंडीत आणि वैरणीत आहे.

दिलासा एवढाच की वाईट खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं. म्हणजे गोष्ट आपल्या हातातली आहे.

ओल येते तरी कुठून?

किडीला आपण नावं ठेवतो, उंदराला शिव्या देतो. पण सगळ्या नासाडीची आई म्हणजे ओल. धान्य कितीही कोरडं दिसलं तरी त्यात पाणी असतंच. ज्वारी, गहू, मका, तांदूळ यांत शंभर किलोंना बारा किलोंपर्यंत पाणी असेल तर ते सुखानं टिकतं. भुईमुगाच्या दाण्यांना एवढंही चालत नाही. त्यांत सात-आठ टक्क्यांच्या वर ओल नको. त्यापुढे ओल गेली की बुरशीला आमंत्रण.

बरं, धान्य हवेतली ओलही शोषून घेतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की उघड्या पोत्यातला वाळलेला गहू आठ-पंधरा दिवसांत पुन्हा सर्दावतो. त्यात सोंडे किंवा टोके पडले तर आणखी भर. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि वाफ निघते, तिथलं धान्य गरम होतं, घाम सुटतो आणि बुरशी धरते. म्हणून कीड आणि बुरशी बहुधा हातात हात घालूनच येतात.

भरण्यापूर्वी

१. धान्य अंगणातल्या मातीवर पसरू नका. खालून ओल आणि माती दोन्ही लागतात. ताडपत्री किंवा जाड चादर घालून दोन बोटं जाडीचा थर द्या आणि तासा-दोन तासांनी हात फिरवून वरखाली करा. तांदळाला मात्र कडक ऊन नको, त्याची कणी होते. तो सावलीत, वाऱ्यावर सुकवा.

२. ऊन दिलेलं धान्य गरमागरम कोठीत ओतू नका. ही चूक फार जणी करतात. आत वाफ कोंडते आणि झाकणाखाली घाम धरतो. सावलीत निवू द्या, पण रात्रभर दवातही ठेवू नका. उन्हं उतरल्यावर गोळा करून, गार होताच दिवेलागणीच्या आत भरा.

३. पारख करा. जुन्या बायका दाणा दाताखाली धरायच्या. कट्‌कन फुटला तर वाळला, चावून चपटा झाला तर कच्चा. आणखी खात्रीची एक युक्ती सांगते. काचेची झाकणाची कोरडी बरणी घ्या. पाव बरणी धान्य घाला. तव्यावर भाजून गार केलेलं दोन-तीन चमचे बारीक मीठ त्यात टाका. झाकण लावून दोन-तीन मिनिटं खळखळ हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्यात पंधरा टक्क्यांच्या वर ओल आहे. परत उन्हात न्या! मीठ खाली पडलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका. बारावर यायला आणखी एक-दोन कडक उन्हं द्याच. बाजार समितीत किंवा धान्याच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं. मोठी खरेदी असेल तर मूठभर धान्य नेऊन तपासून घ्यायला लाजू नका.

४. नवं धान्य जुन्यावर ओतू नका. कोठी रिकामी करा, कोपऱ्यातला भुगा झाडा, कोरड्या फडक्यानं पुसा, दिवसभर उन्हात उघडी ठेवा.

५. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पुरता वाळवून घाला. झाडावरचा हिरवागार पाला कोठीत टाकणं म्हणजे आपल्या हातानं पाणी घालणं. आणि हेही लक्षात ठेवा, निंबाचा पाला किडीला आवरतो, बुरशीला नाही. डाळी-कडधान्याला एरंडेलाचा हात लावायचा तर किलोला एक चमचा पुरे. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवायची पूर्वीची चाल मात्र सोडा. आणि विषारी धूर सोडणाऱ्या गोळ्या तर राहत्या घरात कधीच आणू नका. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

कोठी कुठे, कशी?

पत्र्याची कोठी चांगलीच. उंदीर शिरत नाही, बाहेरची ओल शिरत नाही. पण जी बाहेरची ओल आत येऊ देत नाही, ती आतली ओल बाहेरही जाऊ देत नाही, हे विसरू नका. अर्धवट वाळलेलं धान्य पत्र्याच्या कोठीत भरण्यापेक्षा आणखी दोन दिवस थांबलेलं बरं.

कोठी जमिनीवर टेकवू नका, खाली फळ्या किंवा विटा घाला. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. न्हाणीघराच्या भिंतीला लागून, पाण्याच्या माठाशेजारी, गळक्या कौलाखाली तर मुळीच नको. कोठीच्या एका अंगाला दुपारचं ऊन लागत असेल तरी वाईट. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो आणि आतल्या अंगाला पाणी सुटतं. वरचाच थर आधी का बुरसटतो, त्याचं हे कारण.

मातीची कोठी करायची असेल तर दिल्लीच्या पुसा संस्थेनं सुचवलेली कोठी लक्षात ठेवा. कच्च्या विटांची दुहेरी भिंत आणि दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद. माती उष्णता अडवते, प्लॅस्टिक ओल अडवतं.

पावसाळ्यात मोठी कोठी रोज उघडायची नाही. उघडीप बघून पंधरा दिवसांचं धान्य लहान डब्यात काढून घ्या. आत ओला हात नको, ओलं माप नको. आणि दर पंधरवड्याला कोपरापर्यंत हात खुपसून पाहा. आत ऊब लागली की समजा, काहीतरी बिघडतंय. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं.

शहरातल्या मैत्रिणींनो, तुम्हाला अंगण नाही, कोठी नाही. मग चार महिन्यांचं भरूच नका. पावसाळ्यात महिन्याचं धान्य आणि पंधरा दिवसांचं पीठ पुरे. शेंगदाणे, सुकं खोबरं, लाल मिरच्या यांना बुरशी फार लवकर धरते. ते थोडे थोडे आणा. काळा पडलेला, सुरकुतलेला, कडवट शेंगदाणा कुटात घालू नका. खवट-कडू दाणा चुकून तोंडात आला तर सरळ थुंकून टाका.

एक तर कोरडं, नाही तर हवाबंद

आपल्या पूर्वजांना शास्त्र ठाऊक नव्हतं म्हणणाऱ्यांनी पेव पाहावं. सांगलीजवळ कृष्णाकाठी हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खड्डा, आत माल, वर तोंड मातीनं लिंपून बंद. आतली हवा संपली की किडा जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. आतली कोंडलेली हवा माणसालाही मारते. पण २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं आणि मोठं नुकसान झालं. हवा बाहेर होती तोवर माल टिकला, ओल आत आली तसा गेला.

गोठ्यातला मुरघास म्हणजे या पेवाचाच भाऊ. मका ओला असताना कुट्टी करून दाबून भरतात, त्यात पासष्ट-सत्तर टक्के पाणी असतं, तरी तो टिकतो! कारण हवा नाही. पिशवीला उंदरानं भोक पाडलं की तेवढाच भाग पांढरा-हिरवा होतो. म्हणून पिशवी रोज तपासा, भोक दिसलं की चिकटपट्टी लावा. एकदा उघडली की रोज वरचा थर काढून संपवत जा, आणि बुरसटलेला भाग जनावरापुढे टाकू नका.

सूत्र सोपं आहे: टिकवायचं ते एक तर खडखडीत कोरडं हवं, नाही तर पुरतं हवाबंद. सगळी नासाडी होते ती या दोहोंच्या मधल्या, अर्धवट ओल्या आणि अर्धवट उघड्या मालाची.

गोठ्यातली कोठीही तुमचीच

धान्याची कोठी आपण देव्हाऱ्यासारखी जपतो आणि पेंडीचं पोतं मात्र गोठ्याच्या कोपऱ्यात, ओल्या फरशीवर टेकलेलं! दुभत्याला घालायचं ते शेवटी आपल्याच पेल्यात येतं, तेव्हा दोन्ही कोठ्या सारख्याच जपा.

पेंडीची, सरकीची, चुणीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. शेंगदाण्याची आणि सरकीची पेंड बुरशीला फार आवडते. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांची भरा, जास्त नको. आणताना पोत्यात हात घालून ढेकळं लागतात का बघा, वास घ्या. स्वस्त मिळते म्हणून भिजलेली पेंड घेऊ नका.

कडबा पुरता वाळल्याशिवाय गंजी रचू नका. खाली दगडांचा किंवा बांबूचा माच, वरून उतरती शाकारणी, म्हणजे पाणी आत न मुरता ओघळून जातं. ओलसर वैरण दाट रचली तर आत तापते. कधी कधी एवढी की आपोआप पेट घेते. संशय आला तर लोखंडी गज गंजीत अर्धा तास खुपसून ठेवा आणि बाहेर काढून हात लावा. चटका बसला तर गंजी मोडून पुन्हा वाळवा.

बुरसटलेला भाताचा पेंढा तर फारच घातक. पंजाबात त्यानं म्हशींना ‘देगनाला’ नावाचा रोग होतो. शेपटीचा शेंडा, कानांची टोकं सुकून झडतात, खुरांवर जखमा होतात.

आणि भिजवलेलं आंबोण? सकाळचं उरलेलं संध्याकाळच्यात मिसळू नका. गव्हाण रोज झाडून, घासून कोरडी करा. जनावर तोंड फिरवतंय, दूध घटलंय, अंगावरची चमक गेलीय असं दिसलं तर दृष्ट काढण्याआधी खाद्याचं पोतं उघडून पाहा आणि डॉक्टरांना बोलवा. कोंबड्यांची पिल्लं आणि बदकं तर याहून नाजूक. त्यांच्यापुढे बुरसट कणी टाकूच नका.

शहरात गोठा नसला तरी गोग्रास असतो. बुरशी आलेला पाव, तार सुटलेली भाकरी आपण मोठ्या पुण्यबुद्धीनं रस्त्यावरच्या गायीला घालतो. जे आपल्या मुलाला देणार नाही, ते गोमातेला कसं द्यायचं?

बुरशी आलीच तर

एवढं करूनही कधी घात होतो. २०१९ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसानं आपल्याकडच्या कितीतरी शेतांत काढणीला आलेलं पीक भिजवलं, ते कुणाच्या हातात होतं? अशा वेळी काय करायचं ते नीट ठरवा.

गठ्ठे झालेला, रंग बदललेला, वास येणारा थर पूर्ण काढा, आणि त्याच्या खालचं चांगलं वाटणारं वीतभर धान्यही बाजूला करा. काढताना नाका-तोंडाला पदर बांधा, बुरशीची धूळ छातीत जाऊ नये. बाकीचं धान्य उन्हात पसरा, चाळा, पाखडा आणि बसून निवडा. काळे, सुरकुतलेले, हलके दाणे वेचून काढले की विषाचा बराच भाग निघून जातो. हे वेळखाऊ काम आहे खरं, पण घरात दुसरं धान्य नसेल तेव्हा हाच मार्ग.

काढलेला बुरसट भाग गिरणीत नेऊ नका. पीठ झालं की दोष दिसत नाही, एवढंच. भाजून, शिजवून विष जाईल या भरवशावरही राहू नका. आणि गोठ्यात? नाही. कुत्र्याला, कोंबडीला? तेही नाही. लांब खड्डा करून पुरा आणि वर माती लोटा.

सासूबाईंना अन्न टाकणं म्हणजे पाप वाटायचं. त्यांनी दुष्काळ पाहिले होते, एकेक दाण्याचं मोल त्यांना ठाऊक होतं. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण पुढे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दर वैशाखात मीच विसरले तर त्याच आठवण करायच्या, “सूनबाई, मिठाची बरणी काढली का गं?”

तेव्हा मैत्रिणींनो, उघडीप मिळेल त्या दिवशी झाकण उघडा. कोपरापर्यंत हात घाला, वास घ्या, आणि तिथूनच पावलं गोठ्याकडे वळवा. पेंडीच्या पोत्याखालची फरशी कोरडी आहे ना, तेवढं पाहून या. पाच मिनिटांचं काम आहे, पण घरातल्या लहानग्याचा दुधाचा पेला त्यावर अवलंबून आहे.